सभागृह कोणाला द्यायचे आणि दार कोणाला उघडायचे

(मंडळाच्या सभासद सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



अध्यक्षांनी आम्हाला वीस मिनिटे दिली आहेत आणि घड्याळ समोर ठेवले आहे. आम्ही बँकेत काउंटरवर बसणारी माणसे. वेळ संपली की खिडकी बंद करायची सवय आम्हाला आहे, त्यामुळे काळजी नसावी.

आजच्या विषयपत्रिकेवर दोन सूचना आहेत. पहिली अशी की महापालिकेची निवडणूक जवळ येत आहे, २०२२ साली निवडून आलेल्यांची मुदत संपत येईल, आणि आपल्या सभागृहासाठी उमेदवारांकडून विचारणा सुरू होईल. तेव्हा ज्याच्यावर कसलाही गुन्हा आहे किंवा होता अशा कोणालाही सभागृह देऊ नये. दुसरी सूचना अशी की शिक्षा भोगून आलेली कोणतीही व्यक्ती मंडळाच्या आवारात कामाला ठेवू नये. दोन्ही सूचना एकाच सभासदांनी दिल्या आहेत, आणि त्यांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. इथे आपल्या लेकी-सुना हळदीकुंकवाला येतात, मुले गणपतीत रात्री अकरापर्यंत नाटकाची तालीम करतात. काळजी वाटणारच.

पण या दोन सूचना एका मापाने मोजण्यासारख्या नाहीत. एक माणूस सत्ता मागायला येतो आणि दुसरा काम मागायला. दोघांनाही आपण ‘दुसरी संधी’ हाच शब्द वापरतो, आणि घोटाळा तिथेच होतो. म्हणून थोडे कायद्याचे, थोडे आपल्या या मुलखाचे आणि थोडे आमच्या बँकेतले बोलावे असे ठरवले.

आधी कायदा पाहू. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे, दोन वर्षे किंवा अधिक कैदेची शिक्षा झाली की माणूस निवडणूक लढवायला अपात्र ठरतो. ही अपात्रता दोषी ठरल्याच्या दिवसापासून सुरू होते आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षे राहते. भ्रष्टाचारासारख्या काही ठरावीक गुन्ह्यांत शिक्षा दोन वर्षांहून कमी असली तरी हेच लागू होते. पूर्वी विद्यमान खासदार-आमदारांना तीन महिन्यांची सवलत होती. तेवढ्यात अपील केले की खुर्ची शाबूत राहायची. १० जुलै २०१३ रोजी लिली थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती सवलत रद्द केली. तेव्हापासून शिक्षा झाली की सदस्यत्व लगेच जाते, आणि वरच्या न्यायालयाने दोषसिद्धीलाच स्थगिती दिली तर परत येते.

आता आमच्या घरचा कायदा ऐका. १९४९ चा बँकिंग नियमन कायदा, कलम १०. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात जो दोषी ठरला आहे, किंवा पूर्वी कधीही दोषी ठरला होता, त्याला बँकेने नोकरीत ठेवायचे नाही. सहा वर्षे, दहा वर्षे अशी मुदत त्यात नाही. म्हणजे विशीत असताना चोरीच्या खटल्यात दोषी ठरलेला माणूस पन्नाशीत आमच्या शाखेत शिपाई म्हणून लागू शकत नाही. तोच माणूस मुदत संपल्यावर आमदार होऊ शकतो, मंत्री होऊ शकतो, आणि उद्या अर्थखाते मिळाले तर त्याच्या सहीने राज्याचा अर्थसंकल्प मांडला जाईल. पैशाला हात लावणाऱ्या माणसांबाबत बँकेने कडक असावे, याबद्दल आमची तक्रार नाही. पण शिपायाला जन्मभर बंदी आणि मंत्र्याला सहा वर्षे, हे माप कोणत्या तराजूचे?

आणि ती सहा वर्षेही सगळ्यांना सारखी नाहीत. याच कायद्याच्या कलम ११ प्रमाणे निवडणूक आयोग अपात्रतेची मुदत कमी करू शकतो. सिक्कीमचे प्रेमसिंग तमांग यांना गाई वाटपाच्या योजनेतील भ्रष्टाचाराच्या प्रकरणात एक वर्षाची शिक्षा झाली. ती भोगून ते ऑगस्ट २०१८ मध्ये बाहेर आले. मे २०१९ मध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये आयोगाने त्यांची सहा वर्षांची अपात्रता एक वर्ष एक महिन्यावर आणली. पुढच्याच महिन्यात पोटनिवडणूक लढवून ते आमदार झाले. शिक्षा त्यांनी पुरती भोगली होती, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पण आयोगाच्या दारात असा अर्ज घेऊन जाणे कोणाला जमते, हेही पाहिले पाहिजे.

याच्या उलट टोकाला जाऊन, दोषी ठरलेल्यांना राजकारणातून जन्मभर बंदी घालावी अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने तिला विरोध केला आणि मुदत किती असावी हे ठरवणे संसदेचे काम आहे असे म्हटले. आमचे मत असे की जन्मभराची बंदी सरसकट नको. राजकीय खटले होतात, खोटे खटलेही होतात. लोकमान्यांना दोनदा राजद्रोहाची शिक्षा झाली, १८९७ साली आणि १९०८ साली, आणि तरी ते लोकांचेच राहिले. नुसत्या ‘दोषी’ या शब्दावर माणूस तोलायचा असता तर आपल्या घराघरांतल्या भिंतींवरच्या निम्म्या तसबिरी उतरवाव्या लागल्या असत्या.

आता जागेचा प्रश्न. पुढारी सभेसाठी कोणती जागा निवडतो याला अर्थ असतो, हे आपल्या ग्वाल्हेरात कोणाला सांगायला नको. फूलबागेत सभा घेतली की राणी लक्ष्मीबाईंची समाधी जवळ, म्हणून शौर्याच्या दोन ओळी भाषणात येतातच. मेळ्याच्या मैदानावर सभा म्हणजे गर्दी दाखवायची आहे. बाड्यावर सभा म्हणजे व्यापारी ऐकावेत असे वाटते. आणि आपल्या सभागृहात सभा म्हणजे ‘मराठी समाज आमच्याबरोबर आहे’ असा फोटो दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात हवा आहे. आपण फक्त भाड्याची पावती फाडत नाही, आपले नावही देत असतो.

दोषसिद्धी आणि जागेची निवड यांचा अगदी ताजा दाखला कर्नाटकातल्या कोलारचा आहे. १३ एप्रिल २०१९ रोजी राहुल गांधी यांनी तिथल्या प्रचारसभेत भाषण केले. त्यातल्या एका वाक्यावरून सुरतेत बदनामीचा खटला झाला आणि २३ मार्च २०२३ रोजी त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी खासदारकी गेली. त्यानंतर कर्नाटक विधानसभेच्या प्रचारासाठी १६ एप्रिल २०२३ रोजी त्यांनी सभा घेतली ती पुन्हा कोलारातच. त्यांच्या लोकांना त्यात हिंमत दिसली, विरोधकांना हेका दिसला. ४ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली आणि खासदारकी परत आली. दुसऱ्या बाजूचेही उदाहरण देतो, नाहीतर पक्षपाताचा आरोप यायचा. नवज्योतसिंग सिद्धू भाजपचे खासदार असताना २००६ साली उच्च न्यायालयाने त्यांना सदोष मनुष्यवधाच्या प्रकरणात दोषी ठरवले. त्यांनी राजीनामा दिला. जानेवारी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली आणि फेब्रुवारीत ते अमृतसरमधूनच पोटनिवडणूक लढवून परत निवडून आले.

यात आम्हाला कोणाची बाजू घ्यायची नाही. दाखवायचे आहे ते इतकेच की पुढाऱ्याला परतीची वाट स्वतः निवडता येते. वकील असतो, स्थगिती असते, मैदान असते, माईक असतो. जिथे घटना घडली तिथेच जाऊन तो लोकांना विचारू शकतो, ‘बोला, तुमचा निकाल काय?’ साधा माणूस शिक्षा भोगून येतो तेव्हा आपल्याच गल्लीत कोणत्या वेळी शिरावे, याचाही त्याला विचार करावा लागतो.

आणि पुढारी तुरुंगाच्या दारात सभा का घेत नाहीत? उत्तर त्याच १९५१ च्या कायद्यात आहे. कलम ६२ पोटकलम ५ प्रमाणे जो तुरुंगात आहे त्याला मत नाही. शिक्षा झालेल्यालाही नाही आणि खटला चालू असलेल्या कच्च्या कैद्यालाही नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारांपैकी तिघांवरचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. गंमत अशी की कच्च्या कैद्याला मत देता येत नाही, पण निवडणूक लढवता येते. २०२४ च्या लोकसभेत पंजाबातील खडूर साहिब आणि काश्मिरातील बारामुल्ला इथून दोघे जण तुरुंगातून निवडून आले. उलट शिक्षा झालेला पण जामिनावर बाहेर असलेला माणूस रांगेत उभा राहून मत देतो. ज्याच्याकडे जामिनाचे पैसे आहेत त्याला मत आहे, ज्याच्याकडे नाहीत त्याला नाही. जिथे मत नाही तिथे सभा नाही आणि जिथे सभा नाही तिथे आश्वासनही नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण शिकल्या-सवरल्या लोकांतही गैरसमज आहे. शिक्षा भोगून बाहेर आलेल्याला मताचा पूर्ण हक्क आहे. निवडणुकीतील लाच वगैरे मोजके गुन्हे सोडले, तर तुरुंगाचे दार मागे पडले की हक्क परत येतो. मतदारयादीत नाव नसेल तर फॉर्म ६ भरायचा. ओळखीत कोणी असेल तर त्याला हे सांगा.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. दुसऱ्या संधीचा एवढा मोठा प्रयोग आपल्या दाराशी झाला तसा क्वचितच कुठे झाला असेल. मे १९६० मध्ये विनोबा चंबळच्या खोऱ्यातून पायी हिंडले आणि भिंड-मुरैनाच्या भागात वीस बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. हे विनोबा म्हणजे कोकणात गागोद्याला जन्मलेले, बडोद्यात वाढलेले आपलेच. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. तुरुंग हा समाजाबाहेरचा प्रदेश नव्हे, ही त्यांची समजूत तेव्हापासूनची होती.

पुढे एप्रिल १९७२ मध्ये मुरैना जिल्ह्यातल्या जौऱ्याला, सुब्बारावांच्या गांधी आश्रमात, जयप्रकाशजींसमोर मोहरसिंग, माधोसिंग यांच्यासारख्या नामांकित टोळ्यांनी शस्त्रे खाली ठेवली. या सभागृहातल्या काही काकांनी तो काळ पाहिलेला आहे. जागा कोणती निवडली होती ते पाहा. पोलीस ठाणे नव्हे, राजकीय पक्षाचे मैदान नव्हे. गांधीजींची तसबीर आणि समोर खाली ठेवलेल्या बंदुका. पण लोक एक गोष्ट विसरतात. ते शरण आले म्हणून सुटले नाहीत. खटले चालले, शिक्षा झाल्या, वर्षानुवर्षे ते तुरुंगात राहिले. काहींना मुंगावलीच्या खुल्या कारागृहात ठेवले, तिथे शेती करायला लावली. मग सुटका झाली. मोहरसिंग पुढे मेहगावच्या नगरपालिकेचे अध्यक्षही झाले. आधी शिक्षा, मग काम आणि त्यानंतर, लोकांनी दिली तर, खुर्ची. हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

दहा वर्षांनी चित्र थोडे बदलले. १९८२ साली भिंडला मलखानसिंग आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये तिथेच फूलनदेवी मुख्यमंत्री अर्जुनसिंग यांच्यासमोर शरण आले. या वेळी मंच सरकारचा होता, हजारोंची गर्दी होती आणि छायाचित्रकारांची धावपळ होती. फूलनदेवी आपल्या ग्वाल्हेरच्या तुरुंगात राहिल्या. अकरा वर्षे गेली, पण खटलाच चालला नाही. १९९४ साली सुटल्या आणि १९९६ साली मिर्झापूरमधून खासदार झाल्या. म्हणजे त्यांच्याबाबत न्यायालयाचा निकाल लागलाच नाही. ज्यांची माणसे बेहमईत मारली गेली त्यांनाही न्याय नाही, आणि जिच्यावर आधी अत्याचार झाले तिलाही नाही. २००१ साली दिल्लीत त्यांच्या घराबाहेर त्यांची हत्या झाली. जौऱ्याच्या मंचाने हिशेब सुरू करून दिला होता. भिंडच्या मंचाने हिशेब लांबणीवर टाकला, असे आमच्यासारख्या खातेवही ठेवणाऱ्याला वाटते.

मंच आणि हार यांचा दुरुपयोग कसा होतो, हे अलीकडे गुजरातेत दिसले. बिल्किस बानो प्रकरणातले अकरा दोषी १५ ऑगस्ट २०२२ रोजी मुदतीआधी सोडले गेले. बाहेर त्यांना पेढे भरवले, हार घातले. मार्च २०२३ मध्ये त्यातला एक जण दाहोद जिल्ह्यातल्या सरकारी कार्यक्रमाच्या व्यासपीठावर लोकप्रतिनिधींच्या रांगेत बसलेला दिसला. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. खटला मुंबईत चालला होता, तेव्हा सुटकेचा निर्णय घेण्याचा अधिकार गुजरातचा नव्हे, महाराष्ट्राचा, असे न्यायालयाने सांगितले. संधी देणे वेगळे आणि सत्कार करणे वेगळे. ज्या बाईचे घर उद्ध्वस्त झाले ती तो हार कोणत्या डोळ्यांनी पाहत असेल?

मग संधी कशी द्यायची? याचेही नमुने आपल्या भाषेच्या मुलखात आहेत. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. औंध संस्थानच्या काळात, १९३९ च्या सुमारास, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियराच्या कल्पनेतून आणि पंतप्रतिनिधींच्या पाठिंब्याने तिथे कैद्यांना भिंतीशिवाय ठेवून शेती करायला दिली. त्यावरूनच शांतारामबापूंनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. कथा लिहिणारे गदिमा त्याच माणदेशातले. आपल्यापैकी अनेकांनी तो लश्करच्या थिएटरात पाहिलेला असेल आणि डोळे पुसलेले असतील. डोळे पुसणे सोपे आहे. तोच कैदी आपल्या दारात काम मागायला आला तर काय, हा आजचा प्रश्न आहे.

दुसरा नमुना आमच्या व्यवसायातला. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने मे २०२२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगातल्या कैद्यांसाठी ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली. ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याज, जामीनदार नाही, तारण नाही. तुरुंगात काम करून कैद्याला जी मजुरी मिळते तीतून हप्ता. मुलीचे लग्न, मुलाची फी, वकिलाची फी यासाठी घरच्यांना सावकाराकडे जावे लागू नये, हा उद्देश. हे दान नाही. हप्ता आहे, व्याज आहे, नोंद आहे. आम्हाला ही योजना आवडते ती याच कारणाने. माणसाला कर्ज देणे म्हणजे ‘तू परत करशील’ असे त्याला सांगणे.

आमच्या शाखेतही अशी माणसे येतात. नाव-गाव सांगणे योग्य नाही. सात-आठ वर्षांनी खाते उघडायला येतात. दोन वर्षे व्यवहार झाला नाही की खाते निष्क्रिय होते. दहा वर्षे झाली की शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. पण ती बुडत नाही. मालक ओळखीचे कागद घेऊन आला की बँक त्याचे पैसे निधीतून मागवून त्याला देते. जुना पत्ता, जुना फोटो, पांढरे झालेले केस, सगळे जुळवून पाहतो आणि सही घेतो. माणसाच्या नावावर समाजात जी थोडी पत शिल्लक असते, तिच्यासाठी असा नियम कोणी केलेला नाही. तो आपणच करायचा आहे.

आता आपल्या आवारातली गोष्ट, जिच्यामुळे दुसरी सूचना आली. आपल्याकडे मुंजी-लग्नांना येणाऱ्या आचाऱ्याच्या हाताखाली एक जण तीन वर्षे काम करतो आहे. भांडणात केलेल्या मारहाणीबद्दल त्याने चार वर्षांची शिक्षा भोगली आहे. गेल्या महिन्यात हे कोणाला तरी कळले आणि चर्चा सुरू झाली. या तीन वर्षांत त्याच्याबद्दल एकही तक्रार नोंदवहीत नाही, ती वही आम्ही स्वतः पाहिली. ज्यांच्या पंगतीत त्याने वाढले त्यांनी जिलेबी दुसऱ्यांदा मागून घेतली होती. आता कळले म्हणून ती जिलेबी कडू झाली का?

आणि त्याच आठवड्यात काही सभासदांचा आग्रह होता की एका मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला सभागृह कमी भाड्याने द्यावे, शाल-श्रीफळही द्यावे, कारण ‘उद्या काम पडेल’. त्या उमेदवाराच्या जुन्या शपथपत्रात काय लिहिले आहे, हे कोणी वाचले होते का? आचाऱ्याच्या माणसाचे कागद मात्र सगळ्यांना हवे होते. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण आपल्या आजी-पणजीने उगाच केली नाही.

बँकेत केवायसी म्हणजे ग्राहकाला ओळखा. निवडणूक आयोगाच्या एका मोबाइल अ‍ॅपचे नावही केवायसीच होते, तिथे त्याचा अर्थ उमेदवाराला ओळखा. उमेदवारावर कोणते खटले आहेत, कशात शिक्षा झाली, मालमत्ता किती, कर्ज किती, हे सगळे शपथपत्रात असते आणि ते कोणालाही पाहता येते. १३ फेब्रुवारी २०२० च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने पक्षांना सांगितले आहे की लोकसभा-विधानसभेसाठी खटले असलेला उमेदवार का निवडला याची कारणे प्रसिद्ध करा, आणि ‘निवडून येईल’ हे कारण चालणार नाही. लोकांनी वाचलेच नाही तर हा आदेश कागदावर राहील.

म्हणून आमचा पर्याय असा आहे. सभेने तो मान्य करावा, बदलावा किंवा फेटाळावा.

एक, सभागृह सगळ्या उमेदवारांना सारख्या भाड्याने, सारख्या वेळेसाठी, धनादेश घेऊन आणि पावती देऊन द्यावे. सत्ताधारी पक्षाने सार्वजनिक मैदाने अडवून धरू नयेत, इतरांनाही द्यावीत, असे आदर्श आचारसंहिता सांगते. आपले सभागृह खासगी असले तरी तोच न्याय आपण पाळावा. अट एकच, शपथपत्रातले खटल्यांचे पान मराठीत आणि हिंदीत फलकावर लागेल आणि सभेत अर्धा तास प्रश्नांसाठी राहील. खटला चालू आहे एवढ्यावरून कोणाला दार बंद नको, कारण आरोप म्हणजे निकाल नव्हे. पण उत्तर द्यायला तयार नसेल तर त्याने मेळ्याच्या मैदानावर जावे.

दोन, निवडणुकीच्या काळात कोणत्याही उमेदवाराचा सत्कार नको. आणि महिला व मुलांवरच्या अत्याचारात दोषी ठरलेल्या कोणाला, तो प्रचारक असला तरी, आपल्या व्यासपीठावर जागा नको.

तीन, शिक्षा पूर्ण भोगलेल्या माणसाला काम द्यायचे की नाही हे तिघांच्या समितीने कागद पाहून ठरवावे. गुन्हा कोणता आणि काम कोणते, हे दोन्ही पाहावे. अपहार केलेल्याला गल्ल्यावर बसवू नये, मुलांवर अत्याचार केलेल्याला संस्कारवर्गाच्या जवळपास फिरकू देऊ नये. बाकी स्वयंपाकघर, मांडव, बाग, साफसफाई ही दारे उघडी असावीत. सहा महिने पाहावे आणि नीट चालले तर पुन्हा त्याचा भूतकाळ चव्हाट्यावर आणू नये. आचाऱ्याच्या हाताखालच्या माणसाचे काम या नियमाने चालू राहावे.

चार, प्रत्येक उमेदवाराला मंडळाच्या लेटरहेडवर एक प्रश्न लेखी विचारावा. शिक्षा भोगून आलेल्यांसाठी महापालिकेच्या हातात जे आहे त्यात तुम्ही काय करणार? फेरीवाल्यांचे प्रमाणपत्र महापालिका देते, सफाईची आणि उद्यानांची कंत्राटे महापालिका देते. उत्तर आले तर छापू, नाही आले तर ‘उत्तर आले नाही’ असे छापू.

काही मंडळी म्हणतील, आपण इथे दोनशे वर्षे अब्रूने राहिलो, या फंदात कशाला पडायचे? काका, आपणही इथे परमुलखातून आलेलेच. शिंद्यांच्या लष्करामागे आलो, पागेत, कारखान्यात, दफ्तरात कामाला लागलो. इथल्या लोकांनी आपल्याला जागा दिली. आपल्याच किल्ल्यावर ‘दाता बंदी छोड’ गुरुद्वारा आहे. गुरु हरगोविंदजींनी एकट्याने सुटायला नकार दिला आणि बावन्न राजांना बरोबर घेऊनच ते बाहेर पडले, अशी तिथली परंपरा सांगते. दरवर्षी लाखो लोक तिथे माथा टेकतात. आपणही पाहुणे आले की त्यांना किल्ला दाखवायला नेतो आणि ही गोष्ट अभिमानाने सांगतो.

सत्ता मागणाऱ्याला जास्त प्रश्न विचारावेत आणि काम मागणाऱ्याला कमी. आजवर आपण उलट करत आलो आहोत. मतदान गुप्त चिठ्ठीने घ्यावे अशी अध्यक्षांना विनंती आहे, म्हणजे शेजाऱ्याच्या भिडेने कोणाला हात वर करावा लागणार नाही. दोन्ही सूचना आणि आमचा पर्याय, तिन्ही कागद दाराशी ठेवले आहेत. वाचून मत द्यावे.

वेळ पाळली आहे.